धुतलेली शाल

१७ मे, रविवार

ती. दादास,

धाकटीचा नमस्कार. तुझं पत्र मिळालं. माझे गुडघे कुरकुरतात, पण कामावर येतात, तेव्हा काळजी नको. तुझ्या दुकानात आता नुसता सेल बदलून मागणारेच जास्त येतात, हे वाचून वाईट वाटलं आणि हसूही आलं. अशा गिऱ्हाइकाकडे तू कसा बघत असशील ते मला इथे बसून दिसतं.

पत्राच्या शेवटी तू विचारलं आहेस, "एड्सने गेलेल्यांची पोरं सांभाळायचं लचांड या वयात कशाला गळ्यात घेतलंस?" उत्तर देते. जरा वळसा घालून देईन, मध्येच चष्मा काढून ठेवू नकोस.

आमचं मंडळ म्हणजे आश्रम वगैरे नाही. बंद पडलेल्या छापखान्याच्या दोन खोल्या, आणि आम्ही सात-आठ रिकामटेकडे. मुलांना शाळेत सोडायचं, दवाखान्यात न्यायचं, अभ्यास घ्यायचा, उवा काढायच्या. एक काम मात्र आमचं खास. आई किंवा बाप आजारी असतानाच आम्ही एक पत्र्याची पेटी नेऊन देतो. आपल्यामागे मुलापाशी काय राहावं, ते त्यांनी स्वतः निवडून तीत ठेवायचं. पेटी नेऊन द्यायचं काम कुणालाच आवडत नाही, मग आम्ही पाळी लावतो.

सध्या एका मुलीपायी आम्हाला चैन नाही. आठ वर्षांची आहे. वडील आधीच गेले, आई मार्चमध्ये गेली. कुठलीही वस्तू हातात आली की ती डावा डोळा मिटून, पार नाकाशी नेऊन बघते, म्हणून मंडळात तिचं नाव पडलं भिंगूताई. राहते आमच्या नर्सबाईंकडे. पण नर्सबाई पुढच्या महिन्यात मुलाकडे कायमच्या राहायला जाताहेत, आणि मी राहते त्या बायकांच्या वसतिगृहात मूल ठेवू देत नाहीत. व्यवस्थापकाच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं आहे मी. नात्यातलं कुणी पुढे आलं नाही तर शाळा उघडताना तिला लांबच्या निवासी शाळेत पाठवावं लागेल. ती जाईलही मुकाट्याने. तिचा हाच मुकाटपणा मला बघवत नाही.

अशी नव्हती ती. तिच्या आईने पेटीत फणी ठेवली, लग्नातला फोटो ठेवला आणि सांगितलं, अंगावरची शाल शेवटी ठेवा. ठेवली. पण त्याआधी नर्सबाईंनी ती गरम पाण्यात भिजवली, साबण लावून धुतली, वर इस्त्री केली. त्या बाईला स्वच्छतेचं वेड आहे, फळ्याचे खडूसुद्धा पुसून ठेवतात. मायेनेच केलं हो. शालीतला आईचा वास जाईल, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. भिंगूताईने पेटी उघडली, शालीत तोंड खुपसलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं. मग मान वर करून विचारलं, "तुम्हालापण माझ्या आईची किळस आली?"

त्या आईला महिनोन्‌महिने आपल्या हातांनी अंघोळ घातलेली बाई तिच्यासमोर जमिनीवर बसली. "अगं नाही गं बाळा, नाही गं," एवढंच म्हणत राहिली. पण मुलीने दुसरंच पाहिलेलं. शेजारणी या मायलेकींचा पेला चिमट्याने उचलायच्या. त्या दिवसापासून ती आपली ताटली घेऊन जिन्यात जाऊन जेवते आणि वेगळी घासून ठेवते. "तुम्हाला हात लावायला नको," म्हणते. रागाने नाही, समजूतदारपणे. माझा जीव तुटतो, दादा.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. डावा डोळा मिटून बघायला तिला आईने शिकवलं. आणि आई ते शिकली लहानपणी एका घड्याळाच्या दुकानात, स्टुलावर चढून, बापाच्या खांद्यावरून वाकून.

ती तुझी नात आहे.

तिच्या आईने आजारपणात मला बोलावून घेतलं, म्हणून मी या मंडळात आले. हौस म्हणून नाही. मार्चमध्ये ज्या बाईंनी तुला फोन करून बातमी दिली, त्या याच नर्सबाई. तू "बरं" म्हणालास आणि फोन ठेवलास. मुलीचं सांगायचं त्यांच्या ओठांवरच राहिलं. मी का नाही सांगितलं? तुझ्या लेकीने माझ्याकडून वचन घेतलं होतं. "आत्या, बाबांनी माझं काही विचारलं तरच सांग. उगाच त्यांच्या गळ्यात काही मारू नकोस." मी प्रत्येक पत्रात वाट पाहिली. तू गुडघ्यांचं विचारलंस, हवेचं विचारलंस. तिचं नाही. आता मी वचन मोडते आहे, आणि मला त्याचं काडीचं वाईट वाटत नाही. वहिनी असती तर ती पत्राची वाट न बघता कधीच येऊन थडकली असती.

लेकीने तुला न विचारता लग्न केलं, हा तुझा राग. तो त्या दोघांवरचा होता. दोघंही आता नाहीत.

तू पहिलं काय विचारशील ते मला ठाऊक आहे. मुलीला तो आजार आहे का? तपासणी झाली आहे, निकाल मला माहीत आहे, पण इथे लिहिणार नाही. मंडळाचा तसा नियमच आहे. नातेवाईक येतो, मुलाबरोबर एका ताटात जेवतो, मग डॉक्टर त्याला समोर बसवून सगळं सांगतात. एका ताटात जेवून हा आजार होत नाही, हे रोज पेपर वाचणाऱ्या माणसाला मी सांगायला नको. तरी कितीतरी जणांना ताट वाढल्यावरच गाडीची वेळ आठवते. तू उठलास तर मी हात धरून खाली बसवीन, आताच सांगून ठेवते.

येताना कपाटातला तुझ्या लेकीचा निळा स्वेटर आण. मागच्या खेपेला आले होते तेव्हा मी पाहिलं, दुपारी तू कपाट उघडून त्या स्वेटरात नाक खुपसून उभा होतास. मी आले तर म्हणालास, डांबरगोळ्या शोधतोय. एवढ्या वर्षांनी त्याला गोळ्यांचाच वास येत असेल. असू दे. धुऊ मात्र नकोस. तिच्या आईचा कपडा कुणीतरी इतकी वर्षं न धुता जपला, हे तिला कळू दे.

भिंगूताईला मी एवढंच सांगितलं आहे की कदाचित एक घड्याळवाले येतील. तिने विचारलं, "आत्याआजी, ते कुठे जेवतील?" म्हटलं, विचारून सांगते.

तेव्हा विचारते आहे. जिन्यात दोघांपुरती जागा आहे.

वाट पाहणारी,
तुझी धाकटी