अंगणातला खड्डा बुजव

चि. फेतू,

ऑकलंडहून आईचे आशीर्वाद. मी सांगतेय, तुझी बहीण लागी लिहितेय. मध्येच रडते, म्हणून अक्षर असं.

मी बरी आहे. लागीचं बाळ गुटगुटीत आहे. इथला टारोचा कंद मात्र साबण चावल्यासारखा लागतो. आपली डुकरीण व्याली का?

तुझे वडील जाऊन महिना झाला. साथीमुळे आपल्या सामोआच्या सीमा अजून बंदच, म्हणून त्यांना शवागारात ठेवलंय. घरात पंखा लावू न देणारा माणूस आता बर्फात पडलाय. लागी म्हणाली, "आई, दहन करून राख नेऊ." मी म्हटलं, "लग्नातल्या डुकरासारखा भाजू का गं नवऱ्याला?"

अखेर शुक्रवारी त्यांना इथेच पुरायचं ठरवलं. दहाच माणसांना परवानगी आहे. दहांत आपल्याकडचे नुसते रडणारेही मावत नाहीत.

तेव्हा त्यांच्यासाठी अंगणात खणलेला खड्डा बुजव, कोंबड्या पडतील. शेजारी माझी म्हणून राखलेली जागा आहे, तिथे केळी लाव. परक्या मातीत त्यांना एकटं टाकून मला येववणार नाही. रागावू नकोस.

पोरांनी विचारलं तर सांग, आजी आजोबांच्या सोबतीला थांबलीय.

तुझी आई