सगळ्यांचं एकच उत्तर

प्रिय सुनंदा,

तुला पत्र लिहायची वेळ आजवर कधी आलीच नाही. लग्न ठरलं तेव्हा तू पालघरात, मी बेटेगावात. पत्र पोचायच्या आत माणूस पोचेल एवढंच अंतर! आज लिहितोय, कारण उद्या सकाळी राऊत सरांना उत्तर द्यायचं आहे. ते तुझ्या प्रबंधाबद्दल आहे. तुला न सांगता कसं देऊ?

सर गेल्या आठवड्यात घरी आले होते. चहा केला, पण ते नुसता कप धरून बसले. मग म्हणाले, "विलासराव, मॅडमचं काम वाया जाऊ नये असं मला वाटतं. प्रबंध तर पूर्णच आहे. मरणोत्तर पदवीसाठी मी विद्यापीठाला विनंती करतो. मार्गदर्शक म्हणून माझा शब्द खर्ची घालतो. फक्त ते चौथं प्रकरण काढून टाकू."

'मरणोत्तर' हा शब्द तुझ्या नावाजवळ मी पहिल्यांदाच ऐकला. काही झालं नाही. सरांच्या चहावर साय धरत होती, ती बघत राहिलो. "विचार करून सांगतो," म्हटलं.

हे असंच चाललंय. स्टाफरूममध्ये पेपर तपासता तपासता तू टेबलावर डोकं टेकलंस, ते परत उचललं नाहीस. तिथून पुढे काही होतच नाही मला. सकाळी आंघोळ करतो, देवाजवळ दिवा लावतो, फुलं वाहतो. तोंड स्तोत्र म्हणतं आणि मी ते दुसऱ्या कुणाचं असावं तसं ऐकतो. देवावर राग आहे का? नाही. तो समोर आहे, मीही समोर आहे, एवढंच. कंपनीच्या गेटवरचा मिश्रा म्हणाला, "साहब, थोड़ा रो लीजिए. अंदर मत रखिए." मी मान हलवली आणि कार्ड पंच करून आत गेलो. आत काय ठेवलंय तेच मला सापडत नाही, तर बाहेर काय काढू?

आमच्या अकाउंट्समध्ये सध्या वार्षिक अहवालाची घाई आहे. तू दरवर्षी मुलांना शिकवायचीस ना, वर्ष मार्चअखेर संपतं, पण अहवालावर सह्या होईपर्यंत मध्ये जे घडतं त्याचं काय करायचं? काही घटनांनी आकडे बदलावे लागतात, काहींची फक्त टीप द्यायची. स्वयंपाकघरात उभी राहून हातातल्या झाऱ्यानं मला समजावायचीस, जसा काही मीच तुझा एस.वाय.चा वर्ग! यंदा ती टीप माझ्याकडे आली. मी टाइप केलं: "ताळेबंदाच्या तारखेनंतर नोंद घेण्याजोगी कोणतीही घटना घडलेली नाही." पूर्णविराम दिला. एकदा वाचून पाहिलं. कंपनीपुरतं ते बरोबरच होतं. मग कॅन्टीनला जाऊन जेवलो.

तुला हे विचित्र वाटेल का गं? की तू यावरही चार प्रश्न काढून मलाच भरायला दिले असतेस?

तुझा विषय आमच्या मंडळींना कधी कळला नाही. "तारापूरच्या कारखान्यांत कामगाराला चूक दिसते, तरी तो वर सांगत का नाही?" यावर पीएचडी? माझा भाऊ म्हणायचा, "वहिनी, मला विचारा ना. सांगितलं की साहेब ओरडतो. झाली तुमची पीएचडी!" तू हसायचीस आणि पुन्हा कागदांत डोकं घालायचीस. चाळिशी उलटल्यावर बायका गुडघे सांभाळतात, तू प्रश्नावली घेऊन बोईसरच्या गेटागेटावर उभी!

गेटावर कुणी खरं बोलत नाही हे तुला लवकरच कळलं. सुपरवायझर येता-जाता बघतो. म्हणून तू ठरवलंस, घरी जाऊन विचारायचं. आमच्या पॅकिंगमधला काशिनाथ मनोरच्या पलीकडच्या पाड्यावरचा. त्याच्या पाड्यातली बरीच माणसं कंपनीच्याच बसनं कामाला येतात. त्यानं रविवारी सगळ्यांना जमवलं. स्कूटरवर मागे बसून तू प्रश्नावल्यांची पिशवी पोटाशी धरली होतीस.

अंगणात सगळे बसले. तू प्रत्येकाला कागद दिलास, नवं पेन दिलंस आणि बजावलंस, "आपापलं उत्तर द्यायचं हं. दुसऱ्याचं बघायचं नाही."

एक बाई पदर तोंडाला लावून म्हणाली, "मॅडम, परीक्सा हाय का? नापास झालू तं काय करतंस?"

सगळे हसले. तूही. आणि तू हसत होतीस तोवर सगळे कागद सरकत सरकत काशिनाथच्या मावशीपुढे, जानकी आजीपुढे, जाऊन पडले! आजी पाड्यात सगळ्यांत वडील, आधी कंत्राटावर झाडलोट करायची. ती म्हणाली, "वाच रं काशिनाथ, काय इचारलाय तो."

त्यानं वाचलं. कामावर काही चुकीचं दिसलं तर तुम्ही साहेबांना सांगता का? नेहमी, कधीकधी, की कधीच नाही? मग जी बोलाबोली सुरू झाली! गळका व्हॉल्व्ह सांगितला म्हणून कुणाला बॉयलरपाशी टाकलं होतं. कुणाचा साहेब बरा होता, तो ऐकून घ्यायचा. एक तरुण पोरगी हट्टानं म्हणत होती, मी नेहमी सांगते. दुसरा म्हणाला, "तू सांगतंस म्हनून तुज्या मशिनीवरचा जोडीदार रोज बदलतंय!" पुन्हा हशा. शेवटी आजी म्हणाली, "कधीकदी. लिवा सगल्यांनी." आणि सगळ्यांनी 'कधीकधी'वर खूण केली. त्या हट्टी पोरीनंसुद्धा!

तू कपाळाला हात लावलास. "अहो, प्रत्येकाचं मत वेगळं असेल ना?"

काशिनाथ म्हणाला, "मत वेगलाच हाय. मगाशी बोलला का आमी. आता ठरला."

परतताना महामार्ग ओलांडल्यावर एकदम माझ्या पाठीवर थाप मारलीस. "अहो, थांबवा गाडी!" मला वाटलं पिशवी पडली. तू रस्त्याच्या कडेला उभी राहून म्हणालीस, "मी जे शोधतेय ते तासभर माझ्यासमोर चाललं होतं, आणि मी नुसत्या खुणा गोळा करत बसले! ही माणसं बोलत नाहीत कुठे? भरपूर बोलतात. एकेकटी बोलत नाहीत." मग आमच्या कंपनीतल्या सूचना पेटीवर आलीस. ती कायम रिकामी का? कारण चिठ्ठी एकट्यानं टाकावी लागते. तुझा चेहरा तेव्हा कसा दिसत होता, ते मला अजून दिसतं. बाकी पुष्कळ दिसेनासं झालंय.

पुढच्या खेपेला तू कागद न घेता गेलीस आणि नुसतं ऐकलंस. तेच तुझं चौथं प्रकरण.

सरांना ते कधी पचलं नाही. "सगळ्या प्रश्नावल्यांवर एकाच रकान्यात खूण! परीक्षक म्हणतील, बाईंनी घरी बसून भरल्या." तू काय म्हणालीस आठवतं? "सर, घरी बसून भरल्या असत्या तर खुणा वेगवेगळ्या केल्या नसत्या का? खोटं करणारा माणूस इतकं सारखं करेल?" सर हसले, पण मान्य केलं नाही. त्यांना दोष देत नाही. माणूस सरळ आहे, तुझी पदवी मार्गी लागावी हीच त्यांची तळमळ. आमचे ऑडिटरही सगळीकडे एकसारखा आकडा दिसला की आधी संशयच घेतात.

पण सुनंदा, एक विचारू? लोकांना 'त्रास का सांगत नाही?' असं विचारत गावोगाव फिरलीस, आणि तुझं डोकं दुखत होतं ते मला का नाही सांगितलंस? गोळ्यांची पट्टी तुझ्या पर्समध्ये मिळाली, जवळजवळ संपलेली. कोणत्या साहेबाची भीती होती तुला?

असो. भांडायला नाही बसलो.

सरांना काय सांगावं हे मला कळेना. खरं सांगायचं तर काही हवंसंच वाटेना. पदवी मिळाली काय, न मिळाली काय! म्हणून परवाच्या रविवारी स्कूटर काढली आणि पाड्यावर गेलो. उत्तर त्यांचं होतं, तर त्यांना विचारावं.

तू गेल्याचं त्यांना ठाऊक होतं. बायका येऊन जवळ बसल्या. पाणी दिलं. मग मी सगळं सांगितलं. तुमचं प्रकरण काढलं तर तिला पदवी मिळेल, ठेवलं तर बहुधा नाही मिळणार.

"काडा ना मंग," एकजण म्हणाला. "मॅडमचं नाव तं होईल."

"आमचाच काडाचा? बाकी सगला ठेवाचा?" ती हट्टी पोरगी.

काशिनाथनं विचारलं, "आमी खोटा बोललू असा सर म्हनतंत काय?"

"तुम्ही नाही. तिनं खोटं लिहिलं असं लोक म्हणतील, असं त्यांना वाटतं."

मग आजी एकेकाला विचारत गेली. कुणी काढा म्हणालं, कुणी ठेवा. तू लिहिलं आहेस अगदी तसंच चाललं होतं. फिरत फिरत ती माझ्यापाशी आली. "तुजा काय?"

मी म्हटलं, "तुम्ही ठरवाल ते."

"तसा नाय. हितं बसलास ना? मंग बोल."

मी तोंड उघडलं तेव्हा काय बोलणार हे मला माहीत नव्हतं. "नका काढू," मी म्हणालो. मग पुन्हा म्हणालो, जरा मोठ्यानं. "ते काढलं तर तिचं काय उरलं त्यात?"

रडू वगैरे आलं नाही. पण तू गेल्यापासून पहिल्यांदा मला काहीतरी हवं होतं. आजीनं सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "ठरला."

उठताना मात्र तिनं मला चांगलंच पकडलं. "पन त्यात आमचा लिवलाय काय? मॅडम म्हनाली वाचून दावतंय. कोनी वाचला नाय आमाला."

मग उद्या सरांना सांगतो, प्रकरण राहील. ते नाराज होतील. कदाचित विनंती करणारही नाहीत, आणि तुझ्या नावामागे 'डॉ.' लागायचं ते राहून जाईल. तुला ते किती हवं होतं हे माझ्याएवढं कुणाला माहीत आहे? तरी सांगतो. आणि तुला शब्द देतो, येत्या रविवारी प्रबंध घेऊन त्या अंगणात जाईन आणि चौथं प्रकरण पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचीन. मध्येच कुणी "असा नाय झाला" म्हणालं तर थांबेन, भांडण पुरतं होऊ देईन आणि जे ठरेल ते तिथंच लिहून घेईन. पदवी नसलेल्या प्रबंधात दुरुस्ती करायला कुणाची परवानगी लागत नाही!

तुझा,
विलास