फक्त स्क्रीनवर उरलेलं प्रकरण

मार्नी,

कम्प्युटर बंद करू नकोस! तुझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण आता फक्त स्क्रीनवर आहे. ड्राइव्ह एकही डिस्क घेत नाहीये, मी चार घालून पाहिल्या. म्हणून सकाळपासून हाताने उतरवतोय. बावीसपैकी नऊ पानं झाली, वही कीबोर्डशेजारी आहे. आता मला कॅफेटेरियात ड्यूटीवर पळायलाच हवं, पुढची पानं तू उतरव.

बसण्याआधी भिंतीजवळच्या लोखंडी रेडिएटरला हात लाव, नाहीतर गालिच्यावरून चालत आलं की बोटातून ठिणगी उडते आणि मशीन अडकून पडतं. टोस्टर लावू नकोस, कालच त्याने फ्यूज उडाला होता. थंड पिझ्झा आहे, तोच खा.

कम्प्युटर क्लबातला लोवेल दुसरा ड्राइव्ह घेऊन येईल. पानं संपेपर्यंत त्याला मशीनजवळ फिरकू देऊ नकोस. त्याचा पहिला इलाज म्हणजे मशीन चार बोटं उचलायचं आणि टेबलावर आपटायचं. म्हणे, "सैल झालेल्या चिप्स जागेवर बसतात."

आणि ऐक, ड्राइव्ह आपोआप नाही बिघडला. ड्राइव्ह चालू असल्याचा लाल दिवा पेटलेला असतानाच मी डिस्क ओढली, आत काहीतरी कडकन मोडलं. आधीच्या चिठ्ठीत 'आपोआप' असंच लिहिलं होतं. ती फाडली.

ड्वाइट