पहिली लाट मास्तरांची

माडवाडी, ता. वेंगुर्ले
९ मे १९८१

रंभावहिनीस,

गोपिकाचा नमस्कार. मी खुशाल आहे. मायच्या पायांची सूज उतरली का? रात्री तिला मिठाच्या पाण्यात पाय ठेवून बसव. तिला सांग की मी वेळेवर जेवते. इथे दोन्ही वेळा भात असतो. ज्वारीची भाकर मालवणला उतरल्यापासून पाहिली नाही.

तुझ्या नावाआधी वर काही लिहिलं नाही, ते विसरून नव्हे. सौ. लिहिलं तर किसनकाका पाकीट पाहून बोलतील, आणि दुसरं लिहायला माझा हात धजत नाही. तेवढी जागा कोरी सोडली आहे.

दादाला जाऊन येत्या जूनमध्ये दोन वर्षं होतील. काकांनी त्या वेळी पोलिसांकडून पिशवी आणि कपडे तेवढे आणले. कोणत्या गावातून त्या वस्तू आल्या, हेसुद्धा धड विचारलं नाही. "वेंगुर्ल्याच्या अंगाले कुठंतरी," एवढंच सांगत राहिले. आता म्हणतात, देह मिळाला नाही तर पळसाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यावा, म्हणजे हरिदास सुटेल. आणि तू म्हणतेस, "आधी मले सांगा ते काऊन गेले. मंग जाळा काय जाळाचं ते." दोघांचंही मला पटतं, म्हणून दवाखान्यातून रजा काढून निघाले. सिंदीच्या प्लॅटफॉर्मवर गाडी हलताना तू जे विचारलंस, "माह्या बोलण्यानं गेले का?", तेवढं एकच काम घेऊन फिरते आहे. कोणतं बोलणं, ते तुला आणि मला माहीत आहे. इथे लिहीत नाही.

मालवणपासून खाली किनाऱ्याकिनाऱ्याने आले. कुठे एस.टी., कुठे पायी. मध्ये खाड्या लागतात, त्या लहान होडीतून ओलांडाव्या लागतात. पहिल्या खाडीत मी होडीची कड दोन्ही हातांनी धरून बसले होते. नावाडी म्हणाला, "बाये, सोड तिका. तू धरलंस म्हणान ती तरंगता असां नाय." लोक हसले. मीही हसले, पण कड सोडली नाही.

प्रत्येक गावात दादाचा फोटो दाखवायचा, लोकांनी मान हलवायची आणि मग मलाच विचारायचं, "एकटीच फिरतंस? भय नाय वाटणा?" दवाखान्यात रात्रपाळी करणाऱ्या बाईला भय कसलं, असं सांगत होते. पण या पाण्याचा आवाज रात्रभर थांबत नाही, वहिनी. आपल्याकडे गाडी जाते आणि मग शांत होतं. इथे शांत होतच नाही.

माडवाडीत फोटो हातात घेतल्याबरोबर एक बाई म्हणाली, "ह्यो तर आमचो मास्तर." ही तांडेलीण. तांडेल म्हणजे होडीचा मुख्य. तो वारला, आता होडीवर हिचंच चालतं. पन्नाशीची असेल, आवाज खणखणीत. तिने मला आपल्या पडवीत उतरवून घेतलं आहे. दादाही याच पडवीत राहत होता.

संध्याकाळी इथली मुलं लाकडी फळ्या घेऊन पाण्यात जातात आणि त्यांच्यावर पालथी पडून लाटेबरोबर काठाला येतात. येताना-जाताना काहीतरी ओरडतात. त्यांची बोली वेगळी आहे, काय ओरडतात ते नीट कळत नाही.

बाकी कळेल तसं लिहीन. मायला नमस्कार.

तुझी,
गोपिका


माडवाडी
२४ मे १९८१

रंभावहिनी,

पहिलं पत्र पोचलं असेल. मायचा डोळा लागला असेल तेव्हाच हे वाच, आणि आधी एकटीनेच वाच.

माझी तब्येत बरी आहे. हात आणि छाती सोलवटली आहे, कारण मी फळीवर पडून लाटेवर यायला शिकते आहे. हे वाचून तू काय म्हणशील ते मला ऐकू येतं. पण तांडेलीण बसल्या जागी काहीच सांगत नाही. दादाचं विचारलं की म्हणते, "पाण्यात चल, थंय सांगतंय." मग मी तिचं जुनं लुगडं काष्टा मारून नेसते आणि तिच्यामागे जाते. पहिल्या दिवशी कमरेएवढ्या पाण्यातच माझ्या नाकातोंडात पाणी गेलं. ती म्हणाली, "मास्तर म्हशीसारखो फुसफुसायचो. तू मांजरासारखी करतंस. तुमच्या गावाक पाणी नाय म्हणान तुमी सगळे असे सुके."

दादाला तिनेच शिकवलं.

ती सांगते की लाटेकडे टक लावून बसू नये, पायाखालची वाळू सरकते का ते बघावं. वाळू सरकू लागली की लाट पाणी ओढून घेते आहे. तेव्हा फळीवर झोकून द्यायचं. आधी झोकून दिलं तर लाट पुढे निघून जाते, उशीर केला तर डोक्यावर येते. मला किती दिवस एकही साधली नाही. मग एकदा साधली. वहिनी, ते कसं लिहू? मागून कोणीतरी दोन्ही तळहात पाठीला लावून ढकलावं तसं वाटलं. पाण्याला असे हात नसतात. मी वळून पाहिलं, म्हणून पडले.

आणखी एक रीत आहे. रोज पहिली चांगली लाट येते तिच्यावर कोणी जात नाही. मुलं फळ्या धरून बाजूला होतात आणि ती मोकळी जाऊ देतात. मी एकदा नकळत तिच्यावर जायला निघाले तर तांडेलिणीने माझा पाय धरून मागे ओढलं. "पयली सोडूक होयी. ती मास्तराची."

ती लाट जाते तेव्हा मुलं ओरडतात. मागच्या पत्रात लिहिलं होतं की काय ओरडतात ते कळत नाही. कळलं होतं. पहिल्याच संध्याकाळी, पडवीत पिशवी ठेवताना कळलं होतं. ती ओरडतात, "येजो, मास्तर."

इकडे कोणी येजो म्हणत नाही. ये म्हणतात, येवा म्हणतात. हा शब्द आपल्याकडचा, निरोप देताना परत ये म्हणून म्हणतात तो. मला वाटलं दादाने शिकवला. पण मग रात्री पडल्या पडल्या विचार केला. दादा शाळेत मुलांना सुतारकाम शिकवणारा माणूस. आपल्या शाळेतली पोरं त्याला जायच्या वेळी 'येजा गुरुजी' म्हणत. मोठ्या माणसाला येजो म्हटलेलं त्याने कधी चालवून घेतलं नसतं. दुसऱ्या संध्याकाळी मी काठावर बसून फक्त ऐकलं. पहिलं अक्षर लांबवायचं, आणि शेवटी आवाज वर न्यायचा, चिडवल्यासारखा. येऽऽजो. मुली तसंच ओरडतात, मुलगेही तसंच.

तो तुझा आवाज आहे, वहिनी.

घरात तू त्याला तुम्ही म्हणायचीस. मायसमोर तर नजर वर करत नव्हतीस. पण तुझ्या माहेरी, पुलगावच्या खाली नदीचा डोह आहे तिथे, तू पलीकडे पोहून जायचीस आणि त्या काठावरून, जिथे कोणा वडीलधाऱ्याला ऐकू जात नाही तिथून, दादाला म्हणायचीस, येऽऽजो. तो इकडच्या काठावर तुझं कोरडं लुगडं धरून उभा असायचा. मी त्याच्याजवळच असायचे. तेव्हा त्याचा चेहरा कसा व्हायचा ते मी पाहिलं आहे. तू लांब असायचीस, तुला दिसलं नसेल.

तांडेलिणीला मी विचारलं की हे ओरडायला कोणी सांगितलं. म्हणाली, मास्तरनेच. जो लाटेवर असेल त्याला काठावरच्याने बोलवायचं, अशीच हाक मारायची, नाहीतर खेळात मजा नाही. मुलांकडून घोटून घेतलं. आवाज वर गेला नाही तर पुन्हा म्हणायला लावायचा.

गोव्याकडे जाणारा एक गोरा माणूस त्या वर्षी इथे दोन दिवस राहिला होता. तो अशा फळीवर उभा राहून लाटेवरून यायचा. दादाने ते पाहिलं आणि मोडक्या होडीच्या बाजूचं लाकूड मागून घेतलं, रंधलं, पुढचं टोक वर वळवलं. सगळी सुट्टी त्यात घालवली. घरी सांगून गेला ते सुतारकामाचं शिबिर वगैरे काही नव्हतं, ते आपल्याला कळलंच आहे. तांडेलीण म्हणते, आधी पडायचा, मग गुडघ्यावर यायचा, शेवटी शेवटी "उभो रवायचो, माडासारखो." मग म्हणाली, "सारखो म्हणाचो, फुडल्या वर्सा बायकोक घेवन येतलंय. तिका दाखवतलंय, लाकूड तरंगता ता. ह्या काय ता आमका कळूक नाय."

मला कळलं. तुलाही कळेल.

त्या वर्षी अखाजीला तुझ्या माहेरी सगळे डोहावर होते. दादा गुडघाभर पाण्यात गेला, घसरला, आणि तुझ्या भावांनी त्याला काखेत धरून बाहेर काढलं. तू पलीकडून म्हणालीस, "लाकूड शिकवता अन् सोता बुडता. लाकूड तरी तरंगते जी." सगळे हसले. दादाही हसला. त्यानंतर चार-सहा दिवसांत तो शिबिराचं सांगून निघाला.

तू विचारलंस, माझ्या बोलण्याने गेले का. हो, वहिनी. तुझ्या बोलण्यानेच गेला. हे लिहायला मला पंधरा दिवस लागले. नाही म्हणून लिहिणं सोपं होतं, आणि तू त्यावर विश्वासही ठेवला नसतास.

पण तो मरायला आला नव्हता. तुझ्यापर्यंत यायला शिकत होता.

शेवटच्या दिवशी होड्या वर ओढून झाल्या होत्या. पाणी गढूळलं होतं. तांडेलिणीने नको म्हटलं. तो म्हणाला, उद्या निघायचं आहे, शाळा उघडते, एकच लाट. एकीवर गेला, उभा राहिला, काठापर्यंत आला. मग पुन्हा आत गेला. मुलं काठावरून ओरडली, जशी त्याने शिकवली होती तशी. त्याने हात वर केला आणि ओ दिली, "आलो." तांडेलीण म्हणते, इतक्या आवाजातही तिला स्पष्ट ऐकू आलं. मग फळी आली. ती अजून पडवीत आहे. मी तिच्यावरच शिकते आहे.

परवा मी तिला सांगून टाकलं की हाक कोणाची आहे. ती मासे साफ करत होती. कोयता खाली ठेवला. म्हणाली, "म्हणजे आमी त्याका दोन वर्सा तिच्या आवाजान बोलावतो? मगे तो जातलो कसो?" मी म्हटलं, मुलांना बंद करायला सांगा. तिने मान हलवली. "आमी गप रवलो म्हणान काय होवचा नाय. जिच्या शब्दान इलो, तिच्याच शब्दान जातलो. तिका हाड." म्हणजे तुला इथे घेऊन ये.

आज सकाळी पाणी शांत होतं. पहिली लाट सोडली. दुसरीची वाट पाहत मी फळी धरून आत उभी होते आणि काठावरून मुलांनी मला हाक मारली. आतून ऐकताना ती वेगळी येते. वाऱ्याने अक्षरं पुसतात, फक्त तुझा सूर उरतो. काठ दिसत असतो, लहान लहान माणसं दिसतात, आणि तू तिथे उभी आहेस यात काही शंका राहत नाही. माझ्या तोंडातून 'आले' निघत होतं. दात दाबून धरले. लाटही जाऊ दिली.

काकांना सांग, पुतळा करायचा, पण इथे. पळसाची पानं देठासकट ओल्या कापडात गुंडाळून आण, इकडे शोधत बसायला नको. पाऊस लागायच्या आत निघ. दादरपर्यंत गाडी आहे, पुढे रात्रीची एस.टी. मी वेंगुर्ल्याच्या स्टँडवर येईन. मायजवळ शेजारच्या विमलाबाईला झोपायला सांग.

आपल्यात निघणाऱ्या माणसाला कोणी जा म्हणत नाही. मेलेल्या माणसाच्या बाबतीतसुद्धा जीभ अडखळते. तुला ते जा म्हणावं लागेल. मोठ्याने, पाण्याकडे तोंड करून, त्याच सुरात, म्हणजे त्याला ओळखू येईल. ते तुझ्या तोंडून निघणार नसेल तर येऊ नकोस, वहिनी. त्याला ये म्हणणारे इथे पुष्कळ आहेत.

पत्र संपवताना घरच्या सवयीने तुलाही येजो लिहायला हात गेला होता. लिहिला नाही. तू आपल्या मनाने ये.

तुझी,
गोपिका