शब्दकोशातला गुलाब

३ जानेवारी, सकाळी ७
ठरलं. सुक्या फुलांची निर्यात. मागणी जगभर, आणि फुलं आपली आपण सुकतात. माझ्या स्वभावाला इतका साजेसा धंदा दुसरा नाही.

९ जानेवारी
हिच्या शिवणाच्या खोलीत दोऱ्या बांधून गुलाब उलटे टांगले. मशीन जिन्याखाली. दोनच आठवडे, असं हिला सांगितलं. हिने मशीनवरचं अर्धवट शिवलेलं कापड घडी करून उचललं. भांडली असती तर बरं झालं असतं.

१७ जानेवारी
बुरशी. खिडकी उघडी ठेवा, असं ही पहिल्याच दिवशी म्हणाली होती. मी ऐकलं होतं, फक्त लक्ष दिलं नव्हतं.

२२ जानेवारी
दुसरी खेप सुकली, पण रंग चहाच्या चोथ्याचा. परदेशातल्या व्यापारी बाईंची ईमेल: सॅम्पल म्हणून एकच फूल पाठवा, पण रंग टिकलेलं.

२३ जानेवारी
उत्तर लिहिताना 'टवटवीत'ला इंग्रजी शब्द अडला. हिचा जाडजूड शब्दकोश काढला, तर आत गुलाब! गर्द लाल, पाकळीही तुटलेली नाही. लग्नाआधी मीच दिलेला असणार. बावीस वर्षं जपला बिचारीने. डोळे भरून आले. लगेच पाकीट आणायला निघालो.

२४ जानेवारी
पाठवला. चोरी नव्हे, मीच दिलेली वस्तू. तरी जेवताना हिच्याकडे बघवेना. भांडी घासली. ताप आहे का, असं हिने विचारलं.

२ फेब्रुवारी
बाईंना महिन्याला पाच हजार नग कबूल केले. एकेकाला बावीस वर्षं लागतात, ते मागाहून कळवू.

५ फेब्रुवारी
ही अजून जिन्याखाली वाकून शिवते. माझ्याच्याने बघवत नाही, म्हणून मागच्या दाराने ये-जा करतो.

१० फेब्रुवारी
पार्सल तिकडच्या तपासणीत अडकलं. फुलाला कीड-रोग नाही असा दाखला लागतो म्हणे. मी जोडला नव्हता. नियमाप्रमाणे जाळलं. तसा कागद आला: 'सुके फूल, नग एक.'

११ फेब्रुवारी
हिला सगळं सांगून टाकलं. मी तुला दिलेला गुलाब मीच घालवला, असं म्हणालो. ही सुईत दोरा ओवत होती. ओवून झाल्यावर म्हणाली,
"तुम्ही मला कधी फूल दिलंय?"
तो हिच्या वडिलांनी कुंडीतला खुडून दिला होता. दवाखान्यात जायच्या सकाळी. तिथून ते परत आले नाहीत.

१२ फेब्रुवारी
दोऱ्या सोडल्या. मशीन एकट्याने खोलीत नेलं. मग फुलवाल्याकडे गेलो. वहिनींना कोणतं फूल आवडतं, असं त्याने विचारलं.
माहीत नव्हतं. तसाच परत आलो.