आजोबा आणि तांबेरा

३ नोव्हेंबर
बीजपेढीतल्या बाईंनी अखेर जुन्या ओटचं बी दिलं. होतं नव्हतं तेवढं, म्हणजे मूठभर. शंभर वर्षांपूर्वीचा वाण, इतरत्र कुठेच नाही. उंच गडी. तांबेरा रोगाला पुरून उरलेला. मी त्याला 'आजोबा' म्हणतो. आपल्या बुटक्या वाणाशी संकर केला की तांबेऱ्याचा विषय संपला.
असिस्टंट मॅडम म्हणाल्या, थोडं बी बाजूला ठेवू या का? सगळं पेरलं. भित्र्या माणसाकडून शोध लागत नाहीत.

२० नोव्हेंबर
उगवण झकास. नव्या वाणाला बायकोचं नाव देणार, असं तिला सांगितलं. ती म्हणाली, रोग पडला तर गावभर माझं नाव? विषय बदलला.

१४ फेब्रुवारी
संकर सुरू. चिमट्याने फुलातले परागकोश काढायचे, मग दुसऱ्या वाणाचे पराग लावायचे. फूल इवलंसं. मॅडमची ओळ संपली, माझी सहा फुलं झाली. त्यातली चार चिरडली. घाईचं काम नाही हे.

२ मार्च
आजोबांच्या पानांवर नारिंगी ठिपके. ऊन असणार. बोट फिरवलं तर बोट नारिंगी. धूळ असणार.

६ मार्च
पँटही नारिंगी. बायकोने दाराबाहेर उभं करून झटकायला लावलं.
बरं, तांबेरा आहे. मॅडम म्हणतात, आजोबा जुन्या तांबेऱ्याला दाद देत नव्हते. हा नवा, याच्याशी त्यांची ओळखच नाही. फवारू या म्हणाल्या. नको म्हटलं. परीक्षेत कॉपी करायची नसते.

१५ मार्च
प्लॉट आडवा. पण मधोमध एक रोप हिरवंगार! एक ठिपका नाही! साहेबांना फोन केला, उद्याच बघायला या. नवा शर्ट इस्त्री केला.

१६ मार्च
साहेब वाकले. एक दाणा सोलला. काळा, केसाळ. म्हणाले, अहो, हा रानओट. तण आहे. उपटून माझ्या हातात दिलं. त्याचं काय करायचं ते सुचेना, म्हणून धरूनच त्यांच्यामागे गाडीपर्यंत गेलो.

२ एप्रिल
मळणी. नुसता भुसा. दाणा भरलाच नाही. मॅडमचे संकरही आजोबांच्याच लोंब्यांवर होते, तेही गेले. त्यांनी संकरांसाठी आणलेली कोरी पाकिटं कपाटात परत ठेवली. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.
एक वाण जगातून गेला. माझ्या हातून.
जेवण गेलं नाही.

३ एप्रिल
बीजपेढीला फोन लावला. कसंबसं सांगितलं.
बाई शांतपणे म्हणाल्या, "तुम्हाला सगळं दिलंच नव्हतं. तुमच्या साहेबांनी तसं आधीच सांगून ठेवलं होतं."
राग यायला हवा होता. खुर्चीत बसलो आणि डोळेच भरून आले. आजोबा आहेत!
आवाज सावरून विचारलं, मग उरलेलं द्याल का?
"देऊ की. अर्ज मात्र तुमच्या असिस्टंट मॅडमच्या नावाने पाठवा."
अर्ज मीच टाइप केला. सहीसाठी मॅडमच्या टेबलावर ठेवला.