रवीनं नेलेला चार्जर

आधी हे सांग भगवान, रुसून जायचं असलं तर माणूस आपली चप्पल घालून जाते, की त्या घरच्या बुढीच्या फोनचा चार्जर उपटून नेते? तुझा रवी शेषरावच्या वास्तूच्या जेवणातून उठून गेला, तवापासून माझा फोन मेलेला पडला आहे. म्हणून हा कागद काळा करून राह्यली. चौथीपर्यंत शिकलेलं सारं तुझ्या पोरापायी बाहेर काढावं लागलं.

चि. भगवानले थोरल्या बहिणीचा आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? रोज तेल लावतोस का नुसती बाटली पाहतोस? इकडे सारे खुशाल आहेत असं लिहायची रीत आहे, तर लिहिलं असं समज. माझं म्हणशील तर मी थकली. दुखत काही नाही, नुसती थकली. डॉक्टरले सांगितलं तर तो म्हणते आराम करा. आराम करायले ओसरी रिकामी पायजे ना बाप्पा!

ओसरी अडवली ती माझ्या नातीनं, समतानं. पुण्याची चांगली पंख्याखालची नोकरी सोडून आली अन् तुझ्या रवीले खामगावाहून बलावून घेतलं. (नात्यानं तो तिचा काका, वयानं दोनच वर्षं मोठा, पण काकापणा असा की जशी काही याच्याच मांडीवर ती वाढली.) दोघं मिळून उन्हाळाभर एक वही बनवून राह्यले होते. कागदाची नाही. तू फोनवर सोयाबीनचे भाव पाहतोस ना, त्या ब्राउझरात उघडणारी. तिच्यात चौकटी असतात. चौकटीत हिशोब कसा करायचा ते लिहायचं, तो तिथंच होते, खाली उत्तर येते, अन् वरची एक चौकट बदलली की तिच्यावर टेकलेल्या खालच्या साऱ्या आपोआप बदलतात. (माझ्या घरात मी ओरडली तरी एक माणूस हलत नाही, ते सोड.) शाळेतल्या जुन्या संगणकावर पोरं याच्यात प्रोग्राम लिहायले शिकतील, आधी काही बसवून घ्यायची भानगड नाही, असं समताचं म्हणणं.

इथपर्यंत दोघं एका ताटात जेवत होते. भांडण लागलं ते वही आतून कोणत्या भाषेत बांधायची याच्यावर. रवी म्हणते जावास्क्रिप्ट, समता म्हणते पायथन. मी दोन्ही वेळच्या जेवणात हेच ऐकलं, म्हणून तुले सांगू शकते. ब्राउझरच्या घरात जावास्क्रिप्ट ही घरची लेक. आगपेटी कुठं ठेवली हे तिले विचारावं लागत नाही. पायथन ही सून. तिले आणायची तर आधी तिचं सारं रुखवत ट्रॅक्टरभर आणा, उतरवा, जागेवर लावा, मंग ती पदर खोचून कामाले लागते. आपल्या पिंपळगावच्या नेटवर ते रुखवत उतरेपर्यंत माझी तुरीची डाळ शिजते. (कुकरात नाही, चुलीवर.) रवी म्हणते, लेक घरात असताना सून काऊन? समता म्हणते, पोरं शिकतात पायथन, शाळेच्या मॅडमले येते पायथन. वहीचा एखादा खिळा ढिला झाला तर त्यांनीच उघडून ठोकावा, दरवेळी काकाले बलवायची पाळी नको. हे रवीले झोंबलं. "मले बलावलं तर तुमचं काय झिजते?" म्हणाला. मी म्हटलं, आधी भाजी वाढून घ्या दोघं, झिजलेलं मंग मोजू.

त्यात शेषरावच्या घराची वास्तू आली. हा आमचा शेजारी, नवं काही दिसलं की हात लावल्याशिवाय त्याचं अन्न पचत नाही. त्यानं जेवणाचा हिशोब वहीतच करायचा धरला. वरच्या चौकटीत आवतनं किती ते टाकायचं, खाली कणीक, डाळ, वांगे, तेल, रोडगे भाजायच्या गोवऱ्यासुद्धा निघतात. शेषरावनं टाकले दीडशे. वहीनं दीडशे माणसांचं सामान सांगितलं, तेवढंच आणलं, तेवढंच शिजलं. आता तूच सांग, आपल्याकडे वास्तूचं आवतन कसं देतात? चूलबंद! त्या दिवशी त्या घरची चूल पेटवायची नाही, बुढे, पोट्टे, आलेला पाहुणा, सारे इकडे जेवायले. दीडशे आवतनं म्हणजे दीडशे घरं. हे वहीले कोणी सांगितलंच नाही. बांधणारे दोघं इथंच वाढलेले, पण शहरात राहून त्यांचं आवतन म्हणजे फोनवर आलेला फोटो, अन् जायचं ते एकट्यानं, तेही घरून खाऊन. मले कोणी विचारलं नाही, अन् न विचारता सांगायचं मी कधीचंच सोडलं.

दुसरी पंगत बसली अन् रोडगे संपले. मंडपवाला मेहबूबभाई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणते, "मौशी, भांडे तो बहुत है, अंदर कुछ नहीं है." समतानं मंडपातच लॅपटॉप उघडला अन् ती ओळ उभ्या उभ्या दुरुस्त केली. घरामागं माणसं किती ते टाकलं. वहीनं लगेच सांगितलं किती कमी पडते. म्हणजे जे साऱ्या पंगतीले दिसत होतं ते आता लिहूनही मिळालं. पण शेषरावच्या फोनवर जुनाच आकडा! नवी वही उघडायले गेला तर रुखवताचा ट्रॅक्टर पुन्हा पहिल्यापासून निघालेला. रवी ताटावरून ओरडला, "म्हणूनच म्हणत होतो, दारात माझं उलीसं, चिमूटभर जावास्क्रिप्ट राहू दे!" अन् आमची पोट्टी साऱ्या गावासमोर म्हणते, "काका, तुझ्यावाचून चाललं पायजे, हाच तर मुद्दा आहे." रवी अर्धा रोडगा टाकून उठला तो गेलाच. मंग तीन गल्ल्यांतल्या बाया आपापल्या घरी जाऊन भाकरी-ठेचा करून घेऊन आल्या. चूलबंद आवतन देऊन साऱ्या चुली पेटवणारा शेषराव हा पहिलाच. त्याची बायको माझ्याशी बोलत नाही, जशी काही मीच ती ओळ लिहिली होती.

त्या गोंधळात एकीलेच वही आवडली, शाळेच्या जयमाला मॅडमले. समतानं काय दुरुस्त केलं ते त्यांना समजलं म्हणे, अन् आणखी एक चौकट त्यांनी स्वतः जोडली. दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या की शाळेत लावून दाखव म्हणाल्या. समता एकदा करून पाहून आली. पडदा कोराच्या कोरा, पोरांची हजेरी होऊन गेली तरी वही उघडेना. आता म्हणते, त्या दिवशी नाही उघडली तर लॅपटॉप बंद अन् परत पुणे. मी म्हणते जाऊ दे. खोकल्यासारखी रात्रंदिवस टकटक ऐकायची मले हौस नाही. तुझ्या ओळखीचा तो पुण्याचा साहेब आहे ना, त्याले सांगून तिले परत चिकटव. माझी ओसरी मोकळी होईल, धने वाळवता येतील.

चार्जर पाठव.

तुझी बहीण,
मनकर्णा

ता. क. समता आता शाळेत गेली. वरचं सारं लिहीपर्यंत ती माझ्या पाठीशी उभी राहून वाचत होती. ते नोकरीचं खोडलं समज. कोणत्याच साहेबाले फोन करायचा नाही. गोष्ट अशी आहे की एकदा उतरलेलं रुखवत तिथंच ठेवून घेता येते, म्हणजे पुढच्या वेळी नेट असो नसो, वही उघडते. पण हे दाराशी बसायचं काम ब्राउझर घरच्या लेकीशिवाय कोणाले देत नाही. ते जावास्क्रिप्टच पायजे, अन् ते रवीलेच येते. समताले हे माहीत आहे. रोज त्याले फोनवर लिहिते अन् पुसते. माझ्या डोळ्यांवर चष्मा नव्हता, पण "काका" एवढं वाचता आलं.

आणखी एक. पत्र टपालानं नाही, मेहबूबभाईच्या हाती पाठवून राह्यली. त्याले चहा दे.

आणखी एक. चार्जर माझ्या पिठाच्या डब्यामागं आहे. पहिल्या दिवसापासून तिथंच आहे, फोनही चालू आहे. पण मी फोनवर बोलली की ओसरीपर्यंत ऐकू जाते. हे रवीले सांगशील तर याद राख. त्याले या म्हटलं तर तो येणार नाही, चोर म्हटलं तर तणतणत पहिल्या एसटीनं येईल. तुझ्यावरच गेला आहे. म्हणून या पत्राचं उत्तर तू लिहायचं नाही, तुझ्या बायकोनंही नाही. रवीनंच द्यायचं, अन् कागदावर नाही, माझ्या ओसरीवर उभं राहून.